फणीचा ताल

१

गाणी सुचतात कुठून, हा प्रश्न मला पहिल्यापासून नावडता. रेडिओवरची माणसं तो हसत हसत विचारतात, जणू मी कुठल्या तरी दुकानाचा पत्ता लपवून ठेवलाय. मीही काहीबाही ठोकून द्यायचे. डोंगर, बर्फ, आईची आठवण. आई माझी चांगली ठणठणीत आहे. तिझी शहरात भावाकडे असते आणि माझं गाणं लागलं की आवाज बारीक कर म्हणते.

आज खरं उत्तर देते. माईक समोर आहे, कानात हेडफोन आहेत, यंत्रावरचा लाल दिवा लागलाय. मी थानीना. गाणी मी लिहिते, चाली मी लावते, गिटार मी वाजवते आणि रेकॉर्डही मीच करते, कारण कंपन्यांना माझी गाणी नकोत आणि मला त्यांची तोंडं नकोत. हे मी फार ऐटीत सांगायचे. पण गेली दोन वर्षं एक ओळ सुचली नव्हती. अल्जिअर्समधली माझी खोली म्हणजे वर लग्नाच्या बॅन्डवाल्याचं बिऱ्हाड आणि खाली मोटारींचे भोंगे. मी सगळा दोष आवाजाला द्यायचे. मैत्रिणी म्हणायच्या, नाचता येईना अंगण वाकडं. मला ते फार लागायचं, कारण ते खरं असावं अशी मलाही भीती होती.

त्यातच एका छोट्या नाट्यगृहाने वसंतातली एक संध्याकाळ देऊ केली. नुसती माझी, नव्या गाण्यांची. मी हो म्हणून बसले. गाणं एकही नव्हतं. हे जमलं नाही तर गिटार विकून कुठल्या तरी शाळेत सारेगम शिकवायला लागायचं, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

त्याच शरद ऋतूत माझी आत्या गेली. अम्ती फेत्ता. डोंगरातल्या गावात तिचं घर रिकामं पडलं. तिचा मुलगा मोक्रानदादा मार्सेयला असतो. मी त्याला फोन केला की हिवाळाभर तिथे राहू का. तो म्हणाला, रहा की, घराला ऊब तरी राहील. वसंतात तो घर विकायला येणार होता आणि जाताना मला गाडीने थेट कार्यक्रमाला पोचवणार होता. सगळं असं आयतं जमून आलं.

२

अम्तीच्या घरात एक खोली लोकरीची. भिंतींना लोकरीची पोती टेकवलेली, जमिनीवर मेंढीची कातडी, आणि दारासमोरच्या भिंतीपासून दोन हात पुढे तिचा उभा माग. जमिनीपासून तुळईपर्यंत दोन खांब, मध्ये ताणलेले उभे धागे, आणि अगदी खाली वीतभर विणलेलं घोंगडं. ते घेऊन ती बसली आणि त्याच आठवड्यात गेली. मागाच्या आडव्या दांडीवर तिची लोखंडी फणी तशीच लटकत होती. आडवा धागा ओवला की या फणीने ठोकून बसवायचा. टक, टक टक. माझ्या लहानपणच्या सगळ्या दुपारी त्या आवाजाच्या आहेत. अम्तीचं चित्र डोळ्यांपुढे येतं ते तसंच, नाहीतर ऑलिव्हच्या झाडावरून पडल्यापासून डावा पाय ओढत अंगणात चालणारी.

आमच्याकडे विणणारी बाई मागाच्या पलीकडे बसते. पाठ भिंतीला, तोंड दाराच्या उजेडाकडे. खांब आणि बाजूची भिंत यांच्यामधल्या फटीतून आत शिरायचं. मी शिरले, सहज टाळी वाजवून बघितली. टाळी तिथल्या तिथे विरली, जरासुद्धा घुमली नाही. घरच्या घरी रेकॉर्डिंग करणाऱ्याला विचारा, अशा जागेसाठी आम्ही कपाटात कपड्यांमध्ये तोंड घालून गातो. मी तिथेच स्टूल टाकलं, माईक उभा केला.

विणकाम अपुरं असताना दुसरीच्या मागाच्या पलीकडे बसू नये, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मलाही होतं. पण मी शहरातली, शिकलेली, स्वतःची गाणी स्वतः रचणारी. मला कोण अडवणार?

अडवलं ते शेजारच्या लल्ला जोहरने, तेही अर्धवटच. ती गरम भाकरी आणि तेलाची वाटी घेऊन आली आणि मला आत बघून दारातच थांबली.

"आयत्या बिळावर नागोबा," ती म्हणाली. "ऊठ तिथून, बाई. फेत्ताचं काम पुरं व्हायचंय."

मी म्हटलं, मी कुठे विणतेय, मी गातेय.

"मग? आम्ही काय मुक्याने विणत होतो?"

तिने भाकरी ठेवली, माझ्या गिटारकडे एकदा नापसंतीने बघितलं आणि गेली. मी तेलात बुडवून सगळी भाकरी खाल्ली आणि परत आत जाऊन बसले.

३

माझा क्रम ठरलेला. सकाळी चूल पेटवायची, कॉफी उकळायची, फटीतून आत जायचं, गिटारवर बोटं फिरवत जे येईल ते रेकॉर्ड करायचं. दुपारी ते ऐकायचं आणि पुसून टाकायचं. पहिले काही दिवस पुसण्यातच गेले.

मग एका दुपारी ऐकताना गिटारच्या मागे काहीतरी वाजलं. टक. टक टक. जरा थांबून पुन्हा तसंच.

मी पहिल्यांदा माईकचा दांडा तपासला. मग चूल पेटल्यावर लाकडं तडकतात तसं असेल म्हटलं. मग बाहेर कुणी अक्रोड फोडत असेल म्हटलं. फणी दांडीवर लटकलेली होती, तिला हात लावला तर नुसती गार. वाऱ्याने हलली असेल म्हणावं तर खोलीत वारा शिरायला जागा नव्हती. गाताना मला काही ऐकू आलं नव्हतं. ते फक्त रेकॉर्डिंगमध्ये होतं.

आता माझ्या जागी दुसरी कुणी असती तर उठून घरी गेली असती. मी काय केलं? मी ते पुन्हा ऐकलं आणि माझा पाय ठेका धरायला लागला. काय ताल होता तो. चालता चालता अडखळायचा, जोर करून पुढे यायचा, मग दमून थांबायचा. दार बडवून दमलेलं माणूस थांबतं ना, तसा. असा ताल मला जन्मात सुचला नसता. मी रेकॉर्डिंगमधली गिटार पुसून टाकली, तो ठोका तसाच ठेवला आणि त्यावर गायला लागले. संध्याकाळपर्यंत एक अख्खं गाणं तयार झालं होतं. दोन वर्षांनी. मी चुलीपाशी बसून ढसाढसा रडले, आनंदाने.

४

मग धबधबाच सुरू झाला. ठोका यायचा, त्यावर चाल बसायची आणि चालीत शब्द आपोआप भरायचे. शब्दही एकाच जातीचे.

उजेड दिसतो, उंबरा दिसतो,
पाऊल माझं पोचत नाही.
हाक मारते, ऐकता तुम्ही,
पण कुणी मला ओळखत नाही.

मला वाटलं, ही आपल्या बायकांची गाणी. आमच्या आयांना चारचौघांत गायची बंदी होती, मागाशी बसून भिंतीच्या आत गायच्या. त्यांची घुसमट माझ्या तोंडून बाहेर येतेय. कार्यक्रमात हे असंच सांगायचं, लोकांना आवडेल, असंही ठरवून ठेवलं. एवढी मी शहाणी.

एकदा मन चरकलं म्हणून माईक उचलून स्वयंपाकघरात नेला. तिथे चार दिवस बसले. ना ताल, ना शब्द, घशातून नुसती हवा. पाचव्या दिवशी निमूट परत आले.

फटीतून शिरताना त्या दिवशी खांदा घासला. आधी मी गिटार पाठीला लावून सरळ आत जायचे. आता तिरकं व्हावं लागलं. मी लल्ला जोहरच्या भाकरीला दोष दिला. तिला सांगितलंसुद्धा की तू मला खाऊ घालून घालून म्हैस केलीस. तिने माझं मनगट धरून बघितलं.

"कसली म्हैस? हाडं लागतायत हाताला. तू जेवतेस तरी का?"

मी घरी येऊन आरशात बघितलं. गालफडं बसली होती. मग फट कशी अरुंद झाली? जुनं घर आहे, हिवाळ्यात भिंती फुगतात, ओलीने लाकूडही फुगतं, असं मी स्वतःला समजावलं. पटलंही. गरज असली की माणसाला काहीही पटतं. गिटार मात्र मी आता आतच ठेवायला लागले, रोज काढणं-घालणं जिवावर यायचं.

५

पहिल्या दिवशी स्टुलावर बसलं की धाग्यांमधून मला समोरचं सगळं दार दिसायचं, उंबऱ्यासकट. एका सकाळी कॉफीचा घोट घेत होते आणि लक्षात आलं की दाराची कडी दिसत नाहीये. फक्त वरची फळी दिसतेय. आधी वाटलं स्टूल खचलं. मग नजर खाली आणली.

घोंगडं माझ्या हनुवटीपर्यंत आलं होतं.

मी कॉफी खाली ठेवली. मग हात लावून बघितलं. घट्ट, नीट, कडा सरळ, अम्तीच्याच हातचं. तिने हे आधीच विणलेलं असेल, मी नीट बघितलं नसेल, असं म्हणून बघितलं. पण मी वीतभर बघितलं होतं, माझ्या डोळ्यांनी. मग नक्षी बघितली. गाण्यागणिक एकेक पट्टा होता. अंतऱ्याच्या जागी काळ्या रेघा, आणि ध्रुवपद जिथे जिथे परत येतं तिथे तीच पांढरी चौकट. शेवटचं गाणं मी ध्रुवपद दोनदा घेऊन संपवलं होतं. शेवटच्या पट्ट्यात दोन चौकटी शेजारी शेजारी होत्या.

मी फटीतून अंग ओरबाडून बाहेर आले आणि तडक लल्ला जोहरकडे गेले. ती अंगणात परातीत कुसकुसचा रवा वळत बसली होती. मी सगळं सांगितलं. तिला आधी हसूच आलं.

"तू विणलंस? तुला मोज्याचं भोक शिवता येत नाही."

मी हसले नाही, तेव्हा तिचे हात थांबले. तिने विचारलं, किती उरलंय. मी म्हटलं, वरचं हातभर. एखाद्या गाण्याएवढं. तिने परात बाजूला सारली. तिलाही सगळं कळत होतं असं मला वाटत नाही. तिने मला जे सांगितलं ते तिच्या सासूने तिला सांगितलेलं, आणि ते असं की अपुरं कापड कधी कापू नये. पुरं करावं, मग पुरुषांना बाहेर घालवून पाणी शिंपडावं, मेलेल्या माणसाला देतो तसा निरोप द्यावा आणि कापून उतरवावं.

"फेत्ता अडकलीय बिचारी," ती म्हणाली. "तूच पुरं कर आता. मी येते कापायला. ती मोकळी, तूही मोकळी."

मला ते ऐकून इतकं बरं वाटलं. अम्तीचा मला लळा होता. शिवाय, खरं सांगते, कार्यक्रमाला एक गाणं अजून कमीच पडत होतं.

६

मोक्रानदादा आज सकाळी आला. गाडी भरून सामान बांधायच्या दोऱ्या आणि खोकी घेऊन. घर घेणारे उद्या राहायला येणार आणि माझा कार्यक्रमही उद्याच. मला म्हणाला, आवर लवकर, दुपारच्या आत घाट उतरायचाय. मी म्हटलं, एक गाणं तेवढं राहिलंय. तो म्हणाला, तुझं आणि माझ्या आईचं एकच, मागाशी बसलात की जग बुडालं तरी चालेल.

मी कोट आणि लाल रुमाल दाराच्या खुंटीला अडकवला आणि श्वास रोखून फटीतून आत गेले. कानावरची कातडी सोलली गेली. हेडफोन लावले, लाल दिवा लावला, आणि या वेळी ठोका मला गातानाच ऐकू आला. रेकॉर्डिंगमध्ये नव्हे, इथे, माझ्या अगदी शेजारी. मान वळवायची हिंमत झाली नाही. समोरचे धागे हलत होते. डोळ्यांच्या कडेने एक हात दिसला, धागा ओवणारा, बायकी, कामाने राठ झालेला. मी गात राहिले. अर्ध्यात सोडलं तर काय होईल याची भीती जास्त होती.

गाणं चांगलं झालं. आजवरचं सगळ्यात चांगलं. शेवटच्या ओळीला ठोका थांबला आणि शेजारी कुणीतरी सुटल्यासारखा श्वास सोडला.

मी उठले. घोंगडं तुळईला टेकलं होतं. वर बोटभर जागा उरली होती, तेवढ्यातून दाराचा उजेड येत होता. मी फटीकडे वळले आणि हात घातला. मनगटापर्यंत गेला. मग पंजाच. मग बोटं. खांब आणि भिंत यांच्यामध्ये आता नखही जात नाही. मी खांबाला खांदा लावला, लाथा घातल्या, धागे ओढले. तुटत नाहीत. मी शांत राहायचं ठरवलं. बाहेर माणसं आहेत. हाक मारली की संपलं.

मी हाक मारली. "दादा."

हेडफोन कानातच होते, त्यामुळे माईकला काय ऐकू गेलं ते मलाही ऐकू आलं. टक.

मी जीव तोडून ओरडले. "मोक्रानदादा, मला बाहेर काढ."

टक. टक टक. टक.

७

मग मला तो पहिला ठोका आठवला. अडखळणारा, जोर करून पुढे येणारा, दमून थांबणारा. मी त्यावर पायाने ठेका धरला होता. मी त्यावर अख्खा हिवाळा गायले. एकदा तरी म्हणायचं होतं, कोण आहे.

वरच्या बोटभर फटीला डोळा लावायला मी स्टुलावर चढले. कुणीतरी माझा कोट घालत होती. पाठ माझ्याकडे होती. माझेच केस, त्यावर तिने माझा लाल रुमाल बांधला, सावकाश, गाठ दोनदा ओढून. मी तशी बांधत नाही. दारात मोक्रानदादा आला आणि म्हणाला, झालं का एकदाचं.

"झालं," ती म्हणाली. आवाज माझा. "गिटार राहू दे आत. नवी घेऊ."

"आणि पायाला काय झालं?"

"मुंग्या आल्यात. किती वेळ बसले होते ते तुला काय ठाऊक."

तो हसला. ती डावा पाय ओढत उजेडाकडे गेली आणि उंबऱ्यावर थांबली. बाहेर बदामाला फुलं आली आहेत, त्यांच्याकडे ती बघत राहिली, जणू पुन्हा बघायला मिळतील असं वाटलंच नव्हतं. तिचा चेहरा मला दिसला नाही. देवाची शपथ, मला बघायचाही नव्हता.

लल्ला जोहर आत्ता आली आहे. तिच्या बांगड्या ऐकू येतायत. मी ओरडतेच आहे, आणि तिला ते ऐकूही जातंय, कारण ती म्हणाली, अगं, फणी वाजतेय बघ अजून.

"वाजू दे," माझा आवाज म्हणाला. "अम्तीला घाई झालीय सुटायची. पाणी आणलंस ना? काप, लल्ला."

मोक्रानदादाला त्यांनी बाहेर घालवलं. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. तर गाणी सुचतात कुठून, हे विचारणाऱ्यांनो, एवढं सगळं मी तुम्हाला सांगितलं, आणि माझ्या कानात पहिल्यापासून नुसतं टक, टक टक ऐकू येतंय. यातला एक शब्दही तुमच्यापर्यंत पोचणार नाही. ताल मात्र फार छान लागला असेल. उद्या ती याच्यावर गाईल.

पाणी आलं. घोंगड्यातून पाझरून कपाळावर, मग डोळ्यांत. गार आहे. लल्ला निरोपाचे शब्द म्हणतेय, अगदी मायेने, आणि नाव अम्तीचं घेतेय. सुरी तिने दगडावर एकदा घासली.

लल्ला, मी थानीना. लल्ला, नीट ऐक ना.